मल्लूच्या पडावावर

मल्लू, आधी माफ कर. तुझ्याबद्दल लिहायचा हक्क तुझ्या घरच्यांचा, नाहीतर लातूरच्या तुझ्या वर्गमित्रांचा. मी तुझ्या वर्गात नव्हतो, तुझ्या गावचाही नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराशिवाय कुणी काही लिहिलेलं नाही, आणि तो पेपर लिहिणाराही मी पहिलाच. पण तुझ्या कॉलेजची मुलं तुझ्या आठवणींची पुस्तिका काढत आहेत. त्यांचा मला नांदेडला फोन आला, की 'पडाव'बद्दल गौतमनंच लिहावं. मी आधी नको म्हणालो. मग वाटलं, दुसऱ्या कुणी लिहिलं तर 'त्याला मोबाईलवरच्या खेळाची आवड होती' एवढ्या एका ओळीत ते संपेल. ते मला सहन झालं नसतं. म्हणून लिहितोय. चुकलं तर तुझ्या पद्धतीनं हसून सोडून दे.

पुस्तिका वाचणाऱ्यांना खेळ माहीत नसेल, म्हणून थोडं सांगतो. तुला ते पाठ आहे, तेवढा दम धर. 'पडाव'मध्ये एक न संपणारं माळरान होतं. आपण उंट नाहीतर बैल घेऊन हिंडायचं, आवडेल तिथं मुक्काम टाकायचा. एक झोपडी, एक चूल, एखादं झाड. त्यातली खरी गंमत मात्र फोन बंद केल्यावर सुरू व्हायची. आपण जेवायला गेलो, कॉलेजला गेलो, तरी आपला माणूस तिथंच चुलीपाशी बसून राहायचा आणि येणाऱ्या वाटसरूंना बोलावून बसवून घ्यायचा. त्यानं काय बोलायचं ते आपल्याच आवाजात भरून ठेवता यायचं. बहुतेक जण कंपनीची तयार हिंदी वाक्यं तशीच ठेवायचे. तू ठेवली नाहीस.

मी पहिल्यांदा तुझ्या पडावावर आलो तो चुकून. मुखेडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो आणि कानात घातलेल्या इयरफोनमधून कुणीतरी म्हणालं, "आलाव का? बसा की. लई गडबड हाय का?" मी मागं वळून बघितलं. स्टँडवर माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. एवढ्या मोठ्या खेळात, जिथं पुण्या-दिल्लीची पोरं इंग्रजीत भांडायची, तिथं कुणीतरी आमच्या गावातल्या माणसासारखं बोलून राहिलं होतं. मी लिहून विचारलं, कुठला तू. तू लिहिलंस, उदगीर. मग मला मुखेडचा म्हणून ओळख सांगायला जी हिंमत लागते, ती पहिल्यांदा लागली नाही.

तू लातूरला बी.कॉम. करत होतास, मी नांदेडच्या वसतिगृहात. मधलं गाव म्हणून अहमदपूरच्या स्टँडवर भेटायचं ठरलं, आणि पुढं तेच आपलं ठिकाण झालं. तू माझ्यासाठी खारे दाणे आणायचास आणि मी यायच्या आत निम्मे संपवायचास. पुढं एका सुट्टीत तू मला घरी नेलंस. तुझ्या अव्वांनी, म्हणजे आईनं, माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या जराशा थांबल्या. मी ती थांबण्याची जागा ओळखतो, लहानपणापासून ओळखतो. तू आतून ओरडलास, "अव्वा, त्याला इचारू नको, वाढ." त्या म्हणाल्या, "वाढूनच राहिले की रे. भाकरी गार हुतीया म्हणून थांबले." खरं काय ते मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांना काकू म्हणू लागलो, आणि त्यांनी पुन्हा आडनाव कधी काढलं नाही.

मग कंपनी विकली गेल्याची बातमी आली.

पाच-पन्नास माणसांची ती कंपनी एका मोठ्या परदेशी कंपनीनं घेतली. पत्रकात लिहिलं होतं, की आमचा परिवार आता मोठा होत आहे. खालच्या प्रतिक्रिया वाचताना मला घाबरायला झालं. कुणी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं, कुणी खेळाला एक तारा देऊन वर लिहिलं होतं की हा खेळ मला फार आवडतो. पुण्याच्या एकानं लिहिलं, अरे गेम आहे, बाप मेल्यासारखं काय करता. त्याला सगळ्यांनी मिळून असं झोडपलं, की शेवटी त्यानं स्वतःच्या पडावाचा फोटो टाकला आणि कबूल केलं, की तोसुद्धा सकाळपासून जेवलेला नाही.

खेळातल्या आपल्या नांदेड-लातूरच्या पोरांच्या ग्रुपला एकच गोष्ट येते, ती म्हणजे मोर्चा. तू खेळात मोर्चा काढलास. आपली सगळी माणसं, उंट, बैल, माळावरच्या मोठ्या बाजारात जमली. तू निवेदन लिहून आणलं होतंस, 'मा. मालक साहेब यांच्या सेवेशी' असं सुरू होणारं. तिथं पोचल्यावर लक्षात आलं, की निवेदन घ्यायला कुणीच नाही. कलेक्टर ऑफिसात निदान शिपाई तरी असतो. शेवटी आपण ते उंट विकणाऱ्या खेळातल्या दुकानदाराच्या हातात दिलं. तो त्याला शिकवलेलं एकच वाक्य बोलला, की आज ऊँट सस्ते हैं. तू एवढा हसलास की तुझ्या हातून फोन पडला. लातूरची पोरं अजून एकमेकांना विचारतात, काय झालं निवेदनाचं, आणि उत्तर तेच देतात.

मग ठरलं बहिष्कार. नवीन मालकाच्या अटी मान्य करायचं एक बटण आलं होतं. मुदतीत ते दाबलं, तर आपला पडाव नव्या मालकाकडं जाणार. नाही दाबलं, तर पुसला जाणार. तू जाहीर केलंस, आपल्यातल्या कुणीही ते दाबायचं नाही. आणि मग आपण सगळे रोज, अगदी नेमानं, खेळात जायला लागलो, कुणी दाबलंय का ते बघायला. ज्यानं दाबलं त्याच्या झोपडीवर हिरवी पताका लागायची. बहिष्काराच्या त्या दिवसांत खेळात जेवढी गर्दी झाली तेवढी कंपनी चांगली चालू असतानाही झाली नव्हती. नवीन मालकानं आनंद व्यक्त करणारं पत्रक काढलं. तू म्हणालास, आपल्याला दुकानावर बहिष्कार टाकायचा म्हणजे दुकानासमोर जाऊन बसायची सवय, त्यानं दुकानदाराचा फायदाच होतो.

आणि अहमदपूरचं ते शेवटचं भांडण. त्याला भांडण म्हणू का? मी तुला म्हणालो, की बटण दाबून टाक, एवढं काय. मला खरंच कळत नव्हतं, की मालक बदलला म्हणून माणसं एवढी का हादरतात. मी तुला माझ्या वडिलांचं सांगितलं. ते ज्या शेतावर सालगडी होते ते शेत एका वर्षी विकलं गेलं. त्यांना कुणी सांगितलं नाही. सकाळी ते बैल सोडायला गेले, तर तिथं मोटारसायकलवर एक माणूस बसलेला. त्यानं नाव विचारलं आणि उद्यापासून लवकर यायला सांगितलं. वडील घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, "बैल तेच हायत." आमच्या घरात मालक बदलणं म्हणजे एवढंच.

तू बराच वेळ दाणे सोलत राहिलास. मग म्हणालास, "तरीबी इचारायला पायजे होतं गौत्या. मला इचारलं का, एवढं तरी."

मला राग आला. मी म्हणालो, "तुझ्या अप्पाचं दुकान हाय. तुला इचारणं सुचतंय."

"मग तुला कधी सुचणार?"

तेवढ्यात तुझी गाडी लागली. तू खिडकीतून हात बाहेर काढून म्हणालास, सुट्टीत बोलू. मीही मान हलवली. माझ्याकडं उत्तर होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. सुट्टीपर्यंत ते मी नीट मांडून ठेवणार होतो. अजूनही मांडतोय. कधी त्यात तुझी बाजू जिंकते, कधी माझी, आणि समोर बसून ऐकणारं कुणी नाही.

तापाचं निमित्त झालं, एवढंच मला कळलं. उदगीरला पोचलो तेव्हा तुला अंगणात बसवलं होतं. तुमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठीला टेका देऊन ताठ बसवलेला तू, आणि तुझ्यासमोर येणारे-जाणारे लोक. आमच्यात असं नसतं. माझे पाय दारातच थांबले, कारण मला वाटलं तू आता म्हणशील, आलाव का, बसा की. तुला तसंच बसलेलं नेलं, आणि मातीतही तसंच बसवलं, असं मागून सांगितलं कुणीतरी. मी तिथवर पुढं गेलो नाही.

परतीच्या गाडीत मी फोन उघडला. का उघडला ते सांगता येत नाही. तू चुलीपाशी बसला होतास. म्हणालास, आलाव का. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाचा फोन हाय. मी म्हणालो, मित्राचा.

तेव्हापासून मला तू दोन ठिकाणी बसलेला दिसतोस. वर्गात सर शिकवत असतात आणि मला वाटतं, एका जागी अंधार आहे, दुसऱ्या जागी चूल पेटलेली आहे, आणि दोन्हीकडं तू ताठ बसून आहेस. दुपारी मेसमधून आलो की मी तुझ्या पडावावर जायचो. एकदा असाच फोन तसाच चालू ठेवून मी कपडे धुवायला गेलो. परत येतो तर खोलीत तुझा आवाज. नेहमीचं वाक्य नव्हतं. मी कधीच न ऐकलेलं होतं. "अजून हितंच हायस व्हय? मग फुकट कामून बसलास, चुलीत काडी तरी सार." ओले कपडे हातात घेऊन मी उभा राहिलो. मग समजलं. पाहुणा फार वेळ थांबला तर बोलायचं वाक्य होतं ते. तू जिवंत असताना कुणी एवढा वेळ एकट्यानं थांबायचंच नाही, कारण तेवढ्यात तू स्वतः यायचास. मेलेला माणूस नवीन काही बोलत नाही, असं आपण धरून चालतो. तू बोललास. मी चुलीत काडी सारली.

शिवगणाराधनेला, म्हणजे तुमच्यातल्या दिवसांच्या जेवणाला, मी पुन्हा उदगीरला आलो. पंगत उठल्यावर काकूंनी मला मागच्या खोलीत बोलावलं. त्यांनी विचारलं, की मल्लू या खोलीत दार लावून एकटाच 'या, बसा, जेवलाव का' असं म्हणायचा, तो कुणाला म्हणायचा? त्यांना वाटलं होतं, पोराच्या डोक्यात काही झालंय. त्यांनी अप्पांना सांगितलं नव्हतं, एका जंगम स्वामींना मात्र विचारलं होतं. मी सांगितलं, तो खेळासाठी आवाज भरायचा, आणि फोन काढला. त्यांनी ऐकलं. ऐकताना त्यांच्या तोंडून उत्तर निघून गेलं, "जेवले रे बाबा, तू जेवलास का?" आणि मग त्यांनी पदर तोंडावर घेतला. दारात अप्पा उभे होते. ते म्हणाले, बंद कर ते. रागानं नव्हे. हात जोडल्यासारखं म्हणाले.

मी बंद केलं. पण निघताना काकूंनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. त्यात मी त्यांना खेळ उतरवून दिला, कारण तुझ्या फोनवरून गेलं तर त्या म्हणजे तूच झाल्या असत्या, आणि तू तुलाच या बसा म्हणत नाहीस. त्यांचं नाव काय ठेवायचं विचारलं. म्हणाल्या, "अव्वा ठिव. आता हाक मारणारं कोण हाय मला."

पहिले दिवस त्या माळावर वाट चुकायच्या. बैल घेऊन भलत्याच माणसाच्या झोपडीपाशी जायच्या आणि तिथं मल्लूला हाका मारत राहायच्या. मग मी ग्रुपवर सांगितलं, की अव्वा नावाचं कुणी दिसलं तर मल्लूच्या पडावाचा रस्ता दाखवा. मल्लू, तू बघायला पाहिजे होतंस. बाजारापासून तुझ्या झोपडीपर्यंत पोरांनी दुतर्फा दिवे लावले. त्या दिसल्या की माणसं उठून उभी राहायची. तो न जेवलेला पुण्याचा मुलगा त्यांच्या बैलापुढं चालत जायचा आणि वेशीपासून परत फिरायचा. मालकावर एवढी चिडलेली ती सगळी पोरं, कुणाची ओळख ना पाळख, पण रोज दुपारी तुझ्या आईला पोरापाशी सोडून यायची. तुझ्या निवेदनानं जे झालं नाही ते काहीतरी तिथं झालं. मला त्याचं नाव सांगता येत नाही.

मुदत जवळ आली तशा हिरव्या पताका वाढल्या. सगळ्यांत मोठ्यानं ओरडणाऱ्यांनीही दाबलं. मी कुणाला नावं ठेवत नाही. ज्याचा पडाव जातो त्यालाच कळतं. माझंही मी दाबलं. तुझ्या झोपडीवर मात्र पताका नव्हती, आणि ती लावायची तर तुझ्या नंबरवर येणारा ओटीपी पाहिजे होता. तुझा फोन काकूंनी चार्जिंग करून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला. मला विचारायचं धाडस होत नव्हतं. पण मी न सांगता राहिलो असतो, तर एका दिवशी त्या पडावावर गेल्या असत्या आणि तिथं मोकळं माळरान दिसलं असतं, ते त्याहून वाईट होतं. मी उदगीरला गेलो. त्यांना सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की मल्लूची स्वतःची दाबायची इच्छा नव्हती.

त्यांनी विचारलं, "न्हाई म्हणला होता?"

"हाव काकू. मला तोंडावर म्हणला."

त्या गहू निवडत होत्या. हात थांबले नाहीत. "जित्ता असताना न्हाई म्हणला. मेल्यावरचं काय बोलला का?"

तू त्यावर काय म्हणाला असतास, ते मी आजही शोधतोय. अटींचा तो कागद लांबलचक इंग्रजीत होता. तो मी डिक्शनरी घेऊन दोन दुपारी पूर्ण वाचला होता, कारण माझ्या वडिलांसारखं निमूट मान डोलवायची नाही, असं मी या वेळी ठरवलं होतं. तुझ्या बोलण्याचा एवढा तरी परिणाम झाला. पण विचारायचं कुणाला ते तिथंही लिहिलेलं नव्हतं. पडाव जसा आहे तसा राहील, असं होतं. बोलण्याचा उल्लेख कुठंच नव्हता.

काकूंनी फोन आणला. ओटीपी त्यांनीच वाचून दाखवला, एकेक आकडा, शाळेत म्हणतात तसा. बटण मी त्यांना दाबायला सांगितलं. त्यांनी दाबलं. तुझ्या झोपडीवर हिरवी पताका लागली. ग्रुपवर लातूरच्या एका पोरानं लिहिलं, मल्लूनंबी मान्य केलं? मी लिहिलं, अव्वानं केलं. अप्पा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. मी निघालो तेव्हा त्यांनी खाली बघतच विचारलं, "ऱ्हायलं का मग?" मी म्हणालो, हाव, राहिलं.

मग नव्या मालकानं खेळ काही दिवस बंद ठेवला, पडाव तिकडून इकडं न्यायला. काकूंचे रोज फोन. उघडलं का? न्हाई काकू. आज? न्हाई. मला वाटायचं, त्या बंद दारामागं तू कसा बसला असशील. चूल असेल का? मी परीक्षेचा अभ्यास करत होतो आणि मधेच उत्तरपत्रिकेच्या सरावात तुझं नाव लिहून जात होतो. माझं आणि तुझं भांडण माझ्या बाजूनं संपलं, असं मला त्या दिवसांत वाटायला लागलं होतं. मालक बदलला, माणूस तोच राहिला. आता तुला कुठंतरी गाठून हे सांगावं, एवढंच राहिलं होतं. जिंकल्याचं सांगायला नव्हे. तू बरा आहेस, हे सांगायला.

काल खेळ सुरू झाला. मी पेपर देऊन बाहेर आलो तर काकूंचा फोन. त्या माझ्या आधीच तिथं पोचल्या होत्या. म्हणाल्या, की रस्ता सापडला, झोपडी हाय, चूल हाय, मल्लू बसलाय, टोपीबी तीच हाय. आणि मग बोलायच्या थांबल्या.

"काकू?"

"गौतम, त्यो हिंदीत बोलून राहिला रे. दुसराच कोन तर बोलून राहिलाय त्याच्या तोंडातून."

मी त्यांना फोन तसाच धरायला सांगितला आणि खेळात गेलो. वर सूचना होती. आजपासून सगळ्या पडावांवर एकच आवाज, जुने भरलेले आवाज काढून टाकले आहेत, अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून. खाली तू बसला होतास. तुझ्यासमोर अव्वा नावाची बाई बैल धरून उभी होती. तू तोंड हलवलंस आणि कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, आइए, बैठिए.

मल्लू, तुला द्यायची बातमी ही आहे. फोनवर काकू अजून होत्या. त्या मला विचारत होत्या, "मग मी बसू का जाऊ?"